मानवतचं बघायचं घर

मानवतहून परत आल्यापासून नगरात जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंत? मी सांगतो, भिंत पाहिली. कसली भिंत? पांढरी. लोक हसतात, मला थट्टेखोर समजतात. एका शेजाऱ्यानं तर घरी येऊन, मास्तरांना प्रवासात ऊन लागलं की काय, अशी चौकशी केली. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो. ज्यांना आणखी विचारायचं असेल त्यांनी हे वाचावं आणि मला सोडावं.

माझे वडील चितारी होते. देवळांच्या भिंती, सावकारांचे दिवाणखाने रंगवत गावोगाव हिंडायचे. गेल्या दिवाळीनंतर ते वारले. जाण्याच्या आधी चार दिवस त्यांनी मला उशाशी बसवून सांगितलं की तरुणपणी मोगलाईत, म्हणजे निजामाच्या राज्यात, मानवतला, एका आप्पांच्या घरी त्यांनी शिवपार्वतीचं लग्न रंगवलं होतं. त्या चित्रात उजव्या हाताला, अगदी खालच्या कोपऱ्यात, पाणी आणणाऱ्या बायका आहेत. त्यांतली एक तुझी आई.

माझी आई मी दोन वर्षांचा व्हायच्या आत तापानं गेली. तिचा फोटो नाही, तिचं लुगडं नाही, मला तिचं काही म्हणजे काही आठवत नाही. आणि या गृहस्थांनी ही गोष्ट जन्मभर पोटात ठेवली. सांगितली तीही अशा वेळी की पुढं चार प्रश्न विचारायची सोय राहिली नाही. त्यांचा स्वभावच तसा होता. त्यांच्यावर चिडून उपयोग नव्हता, तरी मी चिडलोच.

पत्रापत्री केल्यावर कळलं की ते घर अजून उभं आहे. कुणी एक स्वामी तिथं चातुर्मासाला राहिले होते. त्यांच्या वस्तू घरच्यांनी जपून ठेवल्या आहेत आणि महाशिवरात्रीला तीन दिवस घर सगळ्यांना बघायला खुलं असतं. पंचक्रोशीत त्याला ‘बघायचं घर’ म्हणतात. मी शाळेतून रजा काढली, चित्रकलेचे कागद आणि पेन्सिली ट्रंकेत टाकल्या आणि निघालो. आईच्या तोंडाची नक्कल करून आणायची, एवढंच काम होतं.

मानवत रोड

मनमाडला गाडी बदलणं वगैरे सांगण्यात अर्थ नाही. खरी सुरुवात मानवत रोडला झाली. करोडगिरीच्या, म्हणजे जकात नाक्याच्या, जवानानं माझी ट्रंक उघडली आणि त्याला कागदांची गुंडाळी सापडली. सगळे कोरे. कोरे कागद घेऊन इंग्रजी मुलखातला माणूस इकडं कशाला आला, हे त्याला उलगडेना. “नक्शा निकालते क्या जी?” त्यानं विचारलं. मी म्हटलं, चित्र काढणार. कशाचं? भिंतीचं. मग त्यानं एकेक कागद उजेडाला धरून पाहिला. त्यावर काही लिहिलेलं असतं तर माझी सुटका लवकर झाली असती.

तो आटपेपर्यंत गावाकडं जाणाऱ्या सगळ्या गाड्या निघून गेल्या होत्या. सरकीची पोती भरलेली एक बैलगाडी राहिली होती, तिच्यावर बसलो. दोन्ही बाजूंना काळं रान, कापूस वेचून संपलेल्या पऱ्हाट्या, मधूनच पिवळी करडई. ज्वारी काढायला आलेली होती आणि बायका कणसं खुडत होत्या. आमच्या नगरकडच्या माळापुढं ही जमीन पाहून हेवा वाटावा अशी. पण गाडीवाल्यानं तो हेवा नीट करू दिला नाही. माझी जात, पगार, मुलं किती, पहिल्या मुलीचं लग्न का राहिलं, हे सगळं त्यानं गाव येईपर्यंत काढून घेतलं. लग्न का राहिलं याचं कारणही त्यानंच मला सांगितलं.

आदला दिवस

घराच्या दारात शंकरआप्पा उभे होते. हे घराचे मालक, कापसाचे आणि धान्याचे व्यापारी. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि अंगात आदरातिथ्य असं की पाहुणा दमून जावा. पाय धुवायला पाणी, गूळ, ताक, पुन्हा पाणी. मी म्हणालो, आधी दिवाणखाना बघतो. ते म्हणाले, बघा की.

मी आत गेलो आणि उभाच राहिलो. चारी भिंती पांढऱ्याशुभ्र होत्या. वरपासून खालपर्यंत चुना, ताजा, त्याचा वास अजून नाकाला झोंबत होता. चित्र सोडा, एक रेघ दिसत नव्हती.

“पाव्हणे येणार म्हून कालच हात दिलाय,” शंकरआप्पा मागून म्हणाले. “कसं लख्ख दिसायलंय बगा.”

मी विचारलं, आणि चित्रं? ते म्हणाले, हायत की, उद्या काशिनाथआप्पा दाखवतील. मी विचारलं, कुठं आहेत? त्यांनी भिंतीकडं हात केला. मी पुन्हा भिंतीकडं पाहिलं. त्यांना वाटलं मला भिंत आवडली.

इथंच मी सांगून टाकायला हवं होतं, माझी आई या भिंतीवर आहे म्हणून. पण परक्या घरात, हातात ताकाचा गडू धरून, ही गोष्ट सांगायला जीभ रेटेना. शिवाय वडील आजारात बोलले होते. खरं नसलं तर? मी एवढंच म्हणालो की मला चित्रकलेत गोडी आहे. त्यावर शंकरआप्पांनी मला घरातली सगळी कॅलेंडरं आणून दाखवली.

जेवायला ज्वारीच्या पांढऱ्या भाकरी, अंबाडीची भाजी आणि शेंगदाण्याची चटणी. चटणी इतकी तिखट की माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. त्या दिवशी त्याला तेवढंच कारण नव्हतं, पण यजमानीणबाईंनी चटणीमुळंच समजून आणखी ताक वाढलं.

महाशिवरात्र

काशिनाथआप्पा म्हणजे शंकरआप्पांचे चुलते, सत्तरीचे, काटकुळे, आवाज मात्र खणखणीत. घर दाखवायचा मान त्यांचा. त्यांची लिंगपूजा झाल्याशिवाय ते पाण्याचा थेंब घेत नाहीत आणि कुणाशी बोलत नाहीत. पूजा सावकाश चालते. अंगणात पेडगाव, झरी, आसपासची सगळी खेडी येऊन बसली होती आणि कुणालाही घाई नव्हती. माझ्या शेजारी झरीचे सखाराम म्हणून एक शेतकरी आणि त्यांची बायको रुक्मिणबाई बसले होते. दरसाल येतात. चित्रातला नंदी बघायला येतात, तसा बैल पुन्हा कुणाच्या दावणीला झाला नाही असं सखारामांचं मत.

पूजा झाली आणि दर्शन सुरू झालं. त्याला क्रम आहे. आधी स्वामींच्या खडावा, मग पाट, मग तांब्या, मग छत्री, तिच्या आता काड्याच उरल्या आहेत, मग धान्य साठवायचं जमिनीतलं पेव, मग ज्या तागडीत स्वामी एकदा गमतीनं बसले ती तागडी, मग आड, आणि सगळ्यांत शेवटी दिवाणखाना. आमच्याकडच्या संग्रहालयात ‘हात लावू नये’ अशी पाटी असते. इथं हात लावल्याशिवाय पुढं सरकूच देत नाहीत. प्रत्येक वस्तूला प्रत्येकानं हात लावायचा, मग तो कपाळाला न्यायचा, लेकरांचे हात धरून लावायचे. आणि प्रत्येक वस्तूची हकीकत काशिनाथआप्पा सांगणार, ती कोणत्या गावच्या सुतारानं केली आणि त्या सुताराचा जावई कोण इथपर्यंत.

आम्ही पेवापाशी पोचलो असू, तेव्हा चौकीवरचा जवान आला. मोगलाईत माणसं जमवायची तर परवाना लागतो, आणि या वर्षीच्या परवान्यावर, कार्यक्रम जवानासमक्ष व्हावा, असं लिहिलेलं होतं. बिचारा दुसऱ्या गावाहून चालत आला होता, उशीर झाला हा त्याचा दोष नव्हता. त्यानं कागद वाचला, जमलेल्या माणसांकडं पाहिलं आणि म्हणाला, “शुरू से बताओ जी.”

मला वाटलं, निदान छत्रीपासून धरतील. नाही. सगळे परत खडावांपाशी गेलो. काशिनाथआप्पांनी तीच हकीकत, त्याच शब्दांत, तितक्याच उत्साहानं सांगितली. लोकांनी तितक्याच भक्तीनं पुन्हा हात लावले. सुताराचा जावई पुन्हा आला. सखारामांच्या तोंडावर समाधान होतं, दोनदा दर्शन घडलं म्हणून. मी दात ओठ खात शेवटी उभा राहिलो तर रुक्मिणबाईंनी, मास्तरांना पुढं घ्या, त्यांचा हात लागला न्हाई, असं म्हणून मला ओढून पुढं नेलं.

मध्ये फराळ झाला. भगर, दाण्याची आमटी, उकडलेली रताळी. ताटावरून कुणी लवकर उठेना.

दिवाणखान्यात शिरलो तेव्हा दुपार टळत आली होती. काशिनाथआप्पांनी पाण्याची घागर आणि मऊ धोतराचं फडकं मागवलं. स्टुलावर चढून त्यांनी भिंतीचा वरचा भाग हलक्या हातानं ओला केला. चितारी बापाच्या पोटी येऊन मला हे आधी सुचायला हवं होतं. पातळ चुना ओला झाला की पारदर्शक होतो. त्या पांढऱ्या भिंतीतून आधी निळा रंग वर आला, मग जटा, मग चंद्रकोर, मग पार्वतीची वाकलेली मान. माणसांनी हात जोडले. नंदी वर आला तसा सखारामांनी बायकोला कोपरानं ढोसलं. आमच्या वडिलांच्या हाताचं काम होतं ते, मला कुणी सांगायची गरज नव्हती. पार्वतीची बोटं त्यांनी आमच्या पेठेतल्या देवळात काढली तशीच होती.

तंबाखू मळून तोंडात टाकावी एवढा वेळ ते दिसलं. मग कडेकडेनं वाळत गेलं आणि पुन्हा पांढरी भिंत राहिली. लोक उठले, दर्शन संपलं.

मी पुढं होऊन म्हणालो, खालचा उजवा कोपरा राहिला. काशिनाथआप्पा म्हणाले, तो क्रमात न्हाई. मी म्हटलं, तिथं चित्र आहे. ते म्हणाले, हाय, पाणी आणणाऱ्या बाया हायत, त्यात बगायचं काय? मी विनवणी केली. त्यांनी फडकं पिळून खुंटीला टांगलं. जास्त पाणी लागलं की रंग सुटतो, देवापुरतंच पाणी, त्यांच्या वडिलांपासूनची ही रीत.

माझं डोकं फिरलं. त्या क्षणी बोललो ते सगळं लिहीत नाही. एवढं आठवतं की मी म्हणालो, दरसाल चुना फासता, मग पाणी मारून चित्र दाखवता, त्यापेक्षा चुना देऊच नका, म्हणजे चित्र बाराही महिने दिसेल.

काशिनाथआप्पा रागावले नाहीत. उलट मला समजावून सांगायला लागले. “आमी दरसाल जुना चुना कोरड्या फडक्यानं पुसून काढतो, मंगच नवा हात देतो. रंगाला धक्का लागू देत न्हाई. पर मास्तर, घर दाखवायचं म्हंजी पाव्हण्याला बलवायचं. मळक्या भिंती कशा दाखवाव्या?”

बाहेर अंगणात शिवकीर्तन सुरू झालं, मला बसायचा आग्रह झाला, पण मी डोकं दुखतंय म्हणून आत पडून राहिलो. लगेच एकामागून एक तिघीजणी सुंठ उगाळून घेऊन आल्या.

पारण्याचा दिवस

दुसऱ्या दिवशी मी ट्रंक बांधली आणि गाडी सांगून ठेवली. पारण्याला पुरणपोळी आणि येसराची आमटी होती. येसर म्हणजे भाजलेल्या डाळींचं आणि मसाल्याचं पीठ, आमच्याकडं ते करत नाहीत आणि हे आमचंच नुकसान आहे, पण त्या दिवशी मला घास जाईना. जेवणं झाली आणि गाडी यायला वेळ होता म्हणून मी पुन्हा दिवाणखान्यात जाऊन त्या कोपऱ्यापुढं बसलो. चुना चांगला वाळला होता. मी बोटानं खरवडायचा विचार करत होतो, हेही कबूल करतो.

सखाराम आणि रुक्मिणबाई निरोप घ्यायला आत आले. सखाराम माझ्याशेजारी टेकले.

“कालपासून बगायलोय मास्तर, तुमी नंदीकडं बी बगितलं न्हाई. ह्या कोपऱ्यात काय हाय?”

“माझी आई आहे,” मी म्हणालो.

मग सगळंच सांगितलं. वडील, त्यांचं आजारपण, फोटो नाही, हे कागद कशाला आणले. सखारामांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळाला हात लावला. “आन ही गोष्ट तुमी आमाला आज सांगायलाय?” असं म्हणून ते तसेच उठून बाहेर गेले. परवा ताकाचा गडू हातात असताना मी हे एक वाक्य बोललो असतो, तर सुताराच्या जावयापासून वाचलो असतो. या तीन दिवसांत मी सगळ्यांवर चिडून घेतलं होतं. तेव्हा पहिल्यांदा स्वतःवर चिडलो.

काशिनाथआप्पा आले. मागून शंकरआप्पा, घरातल्या बायका. मला वाटलं, म्हातारा आता वडिलांची काहीतरी आठवण सांगेल, आईची सांगेल. त्यांनी सांगितलं की ते तेव्हा लातूरच्या दुकानावर होते, त्या रंगाऱ्याला त्यांनी कधी पाहिलंच नाही. घरात त्या वेळचं दुसरं कुणी उरलेलं नाही. हेही नशीब.

मग ते स्वतः आडावर गेले आणि तांब्याभर ताजं पाणी घेऊन आले. मी म्हटलं, क्रमात नाही ना.

“घरच्या माणसाला क्रम कशाचा?” ते म्हणाले आणि खुंटीवरचं फडकं काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. “तुमचं माणूस हाय. आमी हात लावायचा न्हाई, तुमीच लावा.”

मी गुडघ्यावर बसलो. आधी अगदी खाली, जमिनीजवळ फडकं लावलं. पाय दिसले, चार बायकांचे. मग लुगड्यांचे काठ. हळूहळू वर गेलो. पहिली बाई हसत होती, दात दिसत होते. दुसरीनं घागर कमरेवर घेतली होती. तिसरी मान वळवून दुसरीला काही सांगत होती. तिघींची तोंडं मी नीट पाहिली, आणि तिघींत मला कुणी ओळखीचं वाटलं नाही. कडेची चौथी हिरव्या लुगड्यातली. तिचा डोक्यावरचा हात वर आला, हातातल्या बांगड्या आल्या, घट्ट अंबाडा आला, अंबाड्याखाली मानेवर सुटलेले चार केस आले. मी फडकं पुन्हा बुडवून पुन्हा लावलं. तोंड येईना. ती पाठमोरी होती.

इतक्या लांब आलो, तीन दिवस गेले, आणि या माणसानं तिला पाठमोरी काढली होती. मानेवरचे केस मोजून काढायला त्यांना वेळ होता. मी फडकं खाली टाकलं आणि वडिलांना उद्देशून मोठ्यानं काहीतरी बोललो.

काशिनाथआप्पा माझ्याजवळ खाली बसले. “घरची बाई हाय मास्तर,” ते हळू म्हणाले. “हितं रोज धा गिऱ्हाईकं गादीवर बसत्यात. परक्याच्या दिवाणखान्यात तिचं तोंड कोण काढंल?”

ते खरं होतं. मीही काढलं नसतं. पण खरं होतं म्हणून मला आणखी रडू आलं, आणि पोरं शिकवणारा एवढा मोठा बाप्या मी तिथं सगळ्यांसमोर रडलो.

तेवढ्यात रुक्मिणबाई वाकून म्हणाल्या की खांद्यावर आणखी काही हाय, पाणी पोचलं न्हाई. मी फडकं उचलून तिच्या डाव्या खांद्यावर टेकवलं. आधी लहानशी मूठ आली, तिच्या पदराला धरलेली. मग काजळाची तीट, मग दोन डोळे. तिच्या खांद्यावरून एक लेकरू मागं वळून सरळ आमच्याकडं बघत होतं.

कुणी विचारायच्या आधी मी सांगितलं, हा मी. आम्ही सगळे तिथं बसून राहिलो. वाळायला लागलं तसा आधी हिरवा रंग गेला, मग अंबाडा, मग बांगड्या. दुसऱ्यांदा पाणी लावू का, असं काशिनाथआप्पांनीच विचारलं. मी नको म्हणालो, रंग सुटेल. कागद ट्रंकेतच राहिले. चित्रातल्या त्या माणसांत तिचं तोंड रोज जवळून पाहिलेला मी एकटाच होतो, आणि मला ते आठवत नाही.